माथेरानातली एकमेव मोटार

"ही गाडी चालू करून द्या. आत्ताच्या आत्ता."

असं म्हणून बाईंनी डोक्यावरचं गाठोडं माझ्या काउंटरवर आपटलं. मी तेव्हा एका रेडिओच्या पोटात सोल्डरिंग आयर्न घालून बसलो होतो. काउंटर हादरला, हात हलला आणि आयर्न माझ्याच अंगठ्याला लागलं. या प्रकरणातला पहिला चटका असा मला बसला. पुढचेही बरेचसे मलाच बसले, ते क्रमानं सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कर्जतच्या बाजारपेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. रेडिओ माळ्यावर चालले होते, टीव्ही घरोघर येत होते आणि मी दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो. अंगठा तोंडात धरून मी ओरडलो, "बाई, हे दुकान आहे, धोब्याचा दगड नाही!"

"दगडाचं डोकं तरी थंड असतं," बाई म्हणाल्या. "आदी उघडून बगा, मग वरडा."

जुन्या चादरीच्या गाठोड्यातून एक लाल खेळण्यातली मोटार निघाली. हातभर लांब. मागं जाड, दातेरी रबरी टायर, पुढं बारीक चाकं, चारही चाकांना स्प्रिंगा. वरती पिंजऱ्यासारखा दांडा आणि त्यात हेल्मेट घातलेलं प्लास्टिकचं मुंडकं. बंपरला वाळलेल्या झेंडूची माळ. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं.

मी मासिकात फोटो पाहिला होता. बगी म्हणतात हिला. ही चावीची गाडी नव्हे. हिला पोटात रेडिओ असतो. आपल्या हातात रिमोट, त्याला लांब एरियल. आपण काडी हलवली की हवेतून हुकूम जातो आणि गाडी पळते, वळते. एवढी विद्या मला होती. पण अशा गाडीला हात मी आयुष्यात लावला नव्हता. अर्थात हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

"किरकोळ काम आहे," मी म्हणालो. "रिमोट कुठंय?"

"रिमोट नाय."

"नाय म्हणजे?"

"शेठच्या कपाटात हाय. शेठ देत नाय."

मग हिराबाईंनी सांगितलं. म्हणजे सांगितलं कसलं, भांडल्याच. भांडण शेठशी होतं, पण शेठ वर डोंगरावर होते आणि मी समोर होतो.

हिराबाई नेरळकडच्या एका गावच्या. माथेरानला एका हॉटेलात खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. नवरा तिथंच हातरिक्षा ओढायचा, पण त्याची कंबर धरली होती आणि तो बसून होता. हॉटेलच्या मागं एक खोली मिळाली होती, त्यात संसार. हॉटेलचे मालक वसंतशेठ. ही गाडी शेठनी कधीतरी सिंगापूरहून आणलेली, सात-आठ वर्षांपूर्वी. तुम्हाला ठाऊक असेल, माथेरानात मोटारीला बंदी आहे. घोडे आणि हातरिक्षा, बाकी पाय. त्यामुळं शेठ संध्याकाळी गिऱ्हाइकांसमोर व्हरांड्यात ही गाडी फिरवायचे आणि म्हणायचे, "माथेरानातली एकमेव मोटार. मालक मी."

यंदा दसऱ्याला शेठना लहर आली. सगळं जग मोटारी-सायकली पुजतं, मग आपल्या मोटारीनं काय पाप केलं? त्यांनी हिराबाईंना सांगितलं, गाडी पूस, हळदीकुंकू लाव, माळ घाल. नारळ स्वतः शेठनी फोडला. फोटोही काढला. आणि दोन-चार दिवसांनी गिऱ्हाइकं आल्यावर शेठ ऐटीत रिमोट घेऊन उभे राहिले, तर गाडी ढिम्म. गिऱ्हाइकांची पोरं हसली. शेठ फिरले ते हिराबाईंवर. तू पाणी घातलंस, हळद आत गेली, गाडी तू मारलीस. दिवाळीची गिऱ्हाइकं यायच्या आत चालू करून आण, नाहीतर खोली रिकामी कर.

"खोली?" मी विचारलं.

"नोकरी गेली की खोली जाते. घरच्या मालकाला पाठीवर घालून उतरू का मी डोंगर?"

आता मी मूर्खासारखा बोललो. मेकॅनिक लोकांना एक खोड असते. वस्तू उघडायच्या आधीच गिऱ्हाइकाला झापायचं. मी म्हणालो, "पण बाई, इलेक्ट्रॉनिक वस्तू धुवायची असते का?"

"धुतली नाय!" हिराबाई अशा ओरडल्या की समोरचा मेडिकलवाला बाहेर आला. "पुसली. घोडा धुतात, गाडी पुसतात. येवडं कळतं मला. तुमी काय त्या शेठचे भाऊबंद का?"

मागून माझी बायको आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "अहो, अंगठा तोंडातून काढा आणि त्यांना बसायला स्टूल द्या. कामाचं बोला."

त्या दिवशी दुकानात सगळेच माझ्यावर चिडलेले होते. मग मीही चिडायचं ठरवलं. मेडिकलवाल्याकडून माथेरानला फोन लावला.

"शेठ, तुमची गाडी आलीय. रिमोट पाठवा."

"रिमोट इम्पोर्टेड आहे."

"गाडीही इम्पोर्टेडच आहे."

"गाडीचं तर तिनं वाटोळं केलंच. रिमोट तिच्या हातात देऊ? उद्या त्यालाही हळद लावेल. तुम्ही गाडी दुरुस्त करा."

"अहो, पण गाडी रिमोटचं ऐकते. रिमोट नसेल तर दुरुस्त झाली हे मला कळणार कसं?"

"मग मेकॅनिक कशाला म्हणवता?" आणि फोन ठेवला.

माणसानं अर्धी वस्तू पाठवायची आणि पूर्ण दुरुस्ती मागायची. डाव्या पायाचा बूट चांभाराला द्यायचा आणि उजवा चावतो म्हणायचं. मला इतका राग आला की मी हिराबाईंना तिथंच शब्द देऊन बसलो. "गाडी दिवाळीच्या आधी चालेल. मी स्वतः वर आणून देईन."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझे शब्द माहीत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी उघडली. बॉनेटवरची हळद बॉनेटवरच होती. आत रेडिओच्या डबीला रबरी फुगा चढवलेला होता, जपान्यांनी धुळीसाठी. फुग्यात हळदीचा कणही नाही, पाण्याचा डाग नाही. गिअरच्या डबीत मात्र मुंग्यांनी घर केलं होतं. नारळाचं पाणी उडून सुकलं होतं आणि त्या गोडीनं अख्खं वारूळ आलं होतं. ते नारळाचं पाणी शेठच्या हातचं. मुंग्या झटकल्या, तोवर अर्ध्या माझ्या शर्टात गेल्या. ग्रीस सुकून साबणाच्या वडीसारखं झालं होतं, ते रॉकेलमध्ये धुतलं. मागच्या चाकाची बेअरिंग गंजली होती. त्या मापाची बेअरिंग कर्जतमध्ये मिळेना. चौक गावाला हायवेवर एका गॅरेजवाल्याकडं गेलो, तोही मला हसला. "ट्रकची पायजे तर सांग, ट्रंकभर देतो." शेवटी बेअरिंगच्या जागी पितळेची बुशं, म्हणजे छोटी कडी, त्याच्याच लेथवर कातून घेतली.

गाडीची बॅटरी म्हातारी झाली होती, चार्ज केली की दहा मिनिटं टिकायची. चार्जिंगच्या सेलचा झुबका असतो तो. मोहोपाड्याच्या कारखान्यात माझा एक मित्र इन्स्ट्रुमेंट फिटर होता. त्यानं मुंबईहून तसलेच सेल मागवून दिले. ते जोडून, सोल्डर करून नवा झुबका केला.

आता मोटर फिरते का बघायचं. मी बॅटरीच्या तारा थेट मोटरला लावल्या.

मोटर फिरली. छान फिरली. पण असं करताना चाकं अधांतरी धरायची असतात, ही गोष्ट कोणत्याही शहाण्या माणसाला सुचते. माझी गाडी काउंटरवर टेकलेली होती. क्लिप लावायला आणि गाडी सुटायला एकच गाठ पडली. ती काउंटरवरून उडाली, मधल्या दारातून आत गेली आणि बायकोनं चिवड्यासाठी पातळ पोहे उन्हात तापवून परातीत ठेवले होते, त्यात घुसली. मागची चाकं गरगर फिरत होती. पोहे छताला लागले. क्लिप सुटली तेव्हा कुठं थांबली.

बायकोनं केसांतले पोहे झटकले. मग आतून आवाज आला, "चालली म्हणायची."

पुढं सर्व्हो. सर्व्हो म्हणजे आज्ञाधारक मोटर. नुसती फिरत नाही, जेवढं सांगाल तेवढंच वळते आणि तिथं थांबते. गाडीत असे दोन. एक पुढची चाकं वळवतो, दुसरा वेग कमीजास्त करतो. त्यांना रिमोटऐवजी हुकूम द्यायला मी एका आयसीचं छोटं सर्किट केलं. नॉब फिरवला की चाकं वळली. डावीकडं, उजवीकडं. मला इतका आनंद झाला की तासभर मी तेच करत बसलो.

राहिला आतला रिसीव्हर, म्हणजे रिमोटचं ऐकणारा कान. त्यात एक क्रिस्टल असतो. क्रिस्टल म्हणजे पत्र्याच्या चिमुकल्या डबीत बसवलेला गारगोटीचा पातळ काप. तो एका ठरावीक गतीनं थरथरतो आणि त्यावरून रेडिओला कळतं की आपलं स्टेशन कुठलं. तो सॉकेटातून उपटून घेता येतो. मी उपटला, पाय घासले, परत लावून सिग्नल जनरेटरवर तपासला. ठीक होता. मग डोंगर चढताना हिसक्यानं पडू नये म्हणून पुन्हा काढला आणि काड्यापेटीत घालून खिशात ठेवला. फार विचारी माणूस मी.

थोडक्यात, झीज सोडली तर गाडी निर्दोष होती. म्हणजे खोट रिमोटमध्ये. आणि रिमोट शेठच्या कपाटात. जसजसं हे मला कळत गेलं तसतसा माझा पारा चढत गेला. मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. शेठना गिऱ्हाइकांसमोर असं सुनावायचं, तसं सुनावायचं. नेरळहून टॅक्सीनं दस्तुरीला, म्हणजे मोटारी जिथं अडवतात तिथवर गेलो, तिथून तांबड्या मातीतून पायी. वाटभर भाषण घोकत होतो. घोडेवाले म्हणत होते, "घोडा पायजे का सायेब?" आणि मी त्यांच्याकडं बघून म्हणत होतो, "लाज वाटायला पाहिजे तुम्हाला!" एकानं घोडा बाजूला घेतला.

हॉटेलच्या व्हरांड्यात दुपारचा चहा चालू होता. दिवाळीच्या आधीच मुंबईची काही कुटुंबं येऊन बसली होती. हिराबाई खांबाशी उभ्या होत्या, पदर खोचून. शेठ वेताच्या खुर्चीत. गोरेपान, सिल्कचा झब्बा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"झाली?" शेठ म्हणाले.

"गाडीला काही झालंच नव्हतं. रिमोट आणा."

"हळद—"

"हळद बॉनेटला होती, आत नाही. आत मुंग्या होत्या, तुमच्या नारळाच्या. रिमोट आणा."

शेठनी जुडग्यातली किल्ली काढली, ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं आणि रिमोट मखमलीच्या पिशवीतून आणला. मी मागचं झाकण सरकवलं.

झाकण उघडताच वास आला. आत पेन्सिल सेलची रांग होती. सेल फुगून फुटले होते. पांढरी-हिरवी बुरशी सगळ्या स्प्रिंगांवर पसरली होती, दोन स्प्रिंगा तर गंजून तुटल्या होत्या. सेलचं असं आहे, वापर नसला तरी ते आतून कुजत राहतात. पावसाळ्यात हॉटेल बंद असतं. माथेरानचा पाऊस म्हणजे भिंतीला शेवाळ आणि चामड्याला भुरी. सगळा पावसाळा ते सेल रिमोटच्या पोटात पाझरत होते. रिमोट दसऱ्याच्या कितीतरी आधीच मेला होता. पूजा झाली ती मेल्यावर.

मी रिमोट उलटा करून टेबलावर धरला. भुकटी शेठच्या बशीत पडली. "हे बघा तुमचं इम्पोर्टेड. सेल काढून ठेवायचे असतात, एवढं यावर चित्र काढून दाखवलंय."

शेठनी बशी बाजूला सारली. पापणी न हलवता म्हणाले, "हिनंच काहीतरी केलं असणार."

हिराबाई खांबापासून पुढं आल्या. "किल्ली कुणाच्या कमरेला हाय?"

"आवाज खाली—"

"किल्ली कुणाच्या कमरेला हाय, शेठ? बोला की. येवडी मानसं बसलीत."

शेठ किल्ल्या चाचपत बसले. मला इतकं बरं वाटलं की माझं भाषण मी विसरलो. शेवटी शेठ म्हणाले, "बरं. रिमोट साफ करा आणि चालवून दाखवा. चालली तर बोलू."

मी हॉटेलच्या मुदपाकखान्यातून खायचा सोडा मागवला. सोड्याच्या पाण्यानं ती भुकटी मरते. ब्रशनं घासलं, स्पिरिटनं पुसलं, तुटलेल्या स्प्रिंगांच्या जागी बॅटरीच्या म्हणजे टॉर्चच्या स्प्रिंगा कापून बसवल्या. रिमोटमध्येही एक क्रिस्टल असतो. त्याच्या पायांनाही हिरवं लागलं होतं, म्हणून तो उपटून घासला. खिशातली काड्यापेटी काढली, गाडीचा क्रिस्टल बाहेर काढला, आणि दोन्ही बशीत ठेवून वर फुंकर घातली. लोक बघत होते ना. जादूगारासारखं वाटत होतं. मग टकटक करून दोन्ही बसवले, नवे सेल घातले, गाडी फरशीवर ठेवली, एरियल ताणली.

"आता बघा," मी म्हणालो आणि काडी पुढं ढकलली.

गाडी हलली नाही.

पुन्हा ढकलली. चाकं किंचित थरथरली, पण ते माझाच पाय लागल्यामुळं. एक लहान मुलगी म्हणाली, "मम्मी, ये तो खराब है." शेठ खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली.

"म्हणजे गाडीच बिघडलेली आहे," शेठ म्हणाले. "मी म्हणत होतो ना. हिरा, खोली उद्या रिकामी."

हिराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. शेठकडंसुद्धा त्यांनी तसं पाहिलं नव्हतं. "तुमी शब्द दिला व्हता, भाऊ."

सगळ्या तारा तपासल्या. बॅटरी ठीक. मोटर ठीक. रिमोटचा दिवा लागत होता. राग असा की रिमोट शेठच्या टाळक्यात घालावा. मग मी एक केलं, जे मी आधीच करायला हवं होतं. कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर घेतला.

क्रिस्टलच्या डबीवर सुईच्या टोकाएवढी अक्षरं असतात. रिमोटच्या क्रिस्टलवर टीएक्स म्हणजे पाठवणारा, गाडीच्या क्रिस्टलवर आरएक्स म्हणजे ऐकणारा. गाडीत मी टीएक्स लावला होता आणि रिमोटमध्ये आरएक्स.

आता ही भानगड सांगतो. दोन्ही क्रिस्टल दिसायला जुळे भाऊ. पण सारखे नसतात. गाडीतला मुद्दाम थोडा खालच्या गतीचा असतो. फरक चारशे पंचावन्न किलोसायकलचा. का, ते जाऊ द्या. पण हा चारशे पंचावन्न आकडा रेडिओ मेकॅनिकला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. प्रत्येक रेडिओ त्यावरच चालतो. अख्खं आयुष्य मी या आकड्यावर पोट भरलं होतं. आणि सगळ्या व्हरांड्यासमोर, फुंकर घालून, त्याचीच अदलाबदल केली होती. रिमोट एका गल्लीत बोंबलत होता आणि गाडी दुसऱ्या गल्लीत कान लावून बसली होती.

"शेठ," मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी दोन पार्ट उलटे लावले."

"म्हणजे मेकॅनिकच बिनडोक!"

"बिनडोक. लिहून घ्या. पण गाडी बिनडोक नाही." क्रिस्टल बदलले. काडी ढकलली.

गाडी अशी सुटली की वेटरनं ट्रे डोक्यावर धरला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, माझ्या चपलेपाशी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिराबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी पदर जास्त घट्ट खोचला आणि शेठकडं बघत राहिल्या.

"आता बोलायचं व्हतं ना," त्या म्हणाल्या. "बोला."

शेठनी ते ऐकलंच नाही असं केलं. माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला. "द्या इकडं. ही अशी नाही चालवायची, मोकळ्यावर चालवायची." आणि निघाले पायऱ्या उतरून, मागं सगळी गिऱ्हाइकं. फाटकाबाहेर तांबड्या रस्त्यावर एक घोडेवाला पांढरा घोडा धरून उभा होता. शेठनी गाडी त्याच्या पुढून सोडली. धुरळा उडवत गाडी लांब गेली. शेठ ओरडले, "माथेरानातली एकमेव मोटार!"

घोडेवाला चिडला. "ओ शेठ, हितं गाडी आणायची नाय, ठाव नाय का? जनावर बुजतंय!"

"अरे, खेळणं आहे."

"घोड्याला काय ठाव?"

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. अशी गाडी आपल्यापासून लांब जाते तेव्हा डावं ते डावं. पण ती तोंड फिरवून आपल्याकडं येऊ लागली की सगळं उलटं होतं. काडी डावीकडं दाबली की गाडी आपल्या उजवीकडं जाते. आरशात बघून दाढी करण्यासारखं आहे, सवय लागते. शेठनी गाडी आजवर फक्त व्हरांड्यात चालवलेली, खुर्चीत बसून, हळूहळू. आता गाडी भरधाव परत येत होती आणि समोर घोडा होता. मी ओरडलो, "शेठ, उलटं दाबा!" शेठनी सरळ दाबलं. एका बोटानं नाही, दोन्ही अंगठ्यांनी.

गाडी घोड्याच्या पोटाखाली शिरली. घोड्यानं आधी एक पाय उचलला, खाली बघितलं असावं, आणि मग शांतपणे ठेवला.

मी आयुष्यात बरेच आवाज ऐकले आहेत. पिक्चर ट्यूब फुटलेली ऐकली आहे. पण तो आवाज अजून कानात आहे. हेल्मेटवालं मुंडकं गडगडत माझ्या पायाशी आलं.

शेठच्या हातात रिमोट, एरियल आकाशाकडं. त्यांचं तोंड उघडलं आणि, खोटं वाटेल तुम्हाला, पहिला शब्द निघाला तो, "हिरा—"

"हां," हिराबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या पुढं येऊन उभ्या होत्या, हात कमरेवर. "हिरा काय? आता सांगा सगळ्यांच्या देखत. गाडी कुणी मोडली?"

शेठनी हातातल्या रिमोटकडं पाहिलं. मग गिऱ्हाइकांकडं. मग दुसरीकडंच कुठंतरी.

"घोड्यानं," शेठ म्हणाले.

"मग घोड्याला कामावरून काडा," हिराबाई म्हणाल्या. "त्याची खोली रिकामी करा."

घोडेवाला आधी हसला. मग ती छोटी मुलगी, मग तिची आई, मग सगळा रस्ता. शेठ रिमोट बगलेत मारून फाटकातून आत गेले. एरियल फाटकाच्या कमानीला अडकली, ती त्यांनी रागानं ओढली, तर तीही तुटली.

वेटर झाडू घेऊन आला आणि सवयीनं हिराबाईंच्या पुढं धरला. हिराबाईंनी हात मागं घेतले. "ह्ये तुकडे मी उचलनार नाय." मग मीच गोळा केले. मला बघून घोड्यानं मान झटकली, तेव्हा मी त्यालाही दोन शब्द सुनावले. कुणाला तरी सुनावायचंच होतं, इतकं घोकलं होतं मी.

हिराबाईंची नोकरी राहिली. शेठनी माफी मागितली नाही आणि काढूनही टाकलं नाही. तो विषयच पुन्हा काढला नाही. पण हिराबाईंनाच तिथं राहायचं नव्हतं. सीझन संपताच त्यांनी पलीकडच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात काम धरलं. मागं खोली तिथंही होती. नवऱ्याची कंबर सुधारली, पण रिक्षा सुटली ती सुटलीच. त्याला त्याच हॉटेलात शिट्टी देऊन फाटकावर राखणीला बसवलं. पुढच्या दसऱ्याला त्या बाजाराला कर्जतला आल्या तेव्हा माझ्या दुकानाला सोनं द्यायला थांबल्या. मी विचारलं, यंदा पूजा कशाची? म्हणाल्या, "मालकाच्या शिट्टीची. पुसून, कोरडी करून."

त्या गाडीच्या दुरुस्तीचं मला काय मिळालं, असं बायको अजून विचारते. एक बाद सर्व्हो, हेल्मेटवालं मुंडकं आणि तिच्या परातीला पडलेला पोचा. एवढंच मिळालं.

दुकानात मात्र मी त्याच महिन्यात पाटी लावली. पहिला नियम, अर्धी वस्तू दुरुस्तीला घेतली जाणार नाही. दुसरा, पावसाळ्याआधी सेल काढून ठेवावेत. पुढं रिमोटचे टीव्ही आले तेव्हा या पाटीनं माझा निम्मा मनस्ताप वाचवला.

तिसरा नियम हिराबाईंनी डोंगरावरच सुचवला होता. वसंतशेठसारख्या गिऱ्हाइकाचं नेमकं काय करावं, याबद्दल. तो मला पटला होता, पण पाटी बाजारपेठेच्या तोंडावर होती आणि येता-जाता शाळेतली मुलं वाचायची.